भागीच्या तोंडी माझी गोष्ट

भागीचं सांग म्हणता? सांगते. पण आधीच बजावून ठेवते, गोडगोड काही सांगणार नाय. गोड ऐकायचं असेल तर रविवारी सकाळी नाशकात गंगेवर या. तिथं शहरातली शिकलीसवरलेली माणसं तिच्या पाटीभोवती गोळा होऊन उभी असतात, त्यांना विचारा. मी चतुराबाई. दुतोंड्या मारुतीच्या अलीकडं पायऱ्यांवर ती फुलं घेऊन बसते, आणि तिच्या शेजारी मी बसते. आमच्या पाट्यांमधी हातभर जागा. उभा जन्म गेला या हातभर जागेत.

भागुबाई मूळची इगतपुरीची. बाप रेल्वेत गँगमन. माझं आणि तिचं लग्न एकाच उन्हाळ्यात झालं, दोघी मखमलाबादला सून म्हणून आलो. तिच्या गेणूचं वावर आणि आमचं वावर, मधी एकच बांध. ती आली तेव्हा तिला गजरा बांधता येत नव्हता, खोटं नाय सांगत. भाताच्या मुलखातली पोर, फूल विकायला लावतात हेच तिला नवल. केळीचं सोपट भिजवून कसं चिरायचं, त्यानं जुई कशी बांधायची म्हणजे कळी मोडत नाय, हे सगळं मी शिकवलं. आणि वर्षभरात काय झालं? गिऱ्हाईक माझ्यावरून पुढं जाऊन तिच्यापुढं उभं राहायला लागलं. रोज तिची भवानी आधी व्हायची. फुलं तीच, सोपट तेच, भाव तोच! पण तिचं बोलणं असं, की माणूस फुलं घ्यायला येत नव्हता, तिचं बोलणं ऐकायला येत होता. जाताजाता फुलं न्यायचा एवढंच. मी आपली झेंडूवर पाणी मारत बसायची.

केसही तिचेच लांब. जाऊ द्या.

आता मुद्द्याचं सांगते. तेव्हा आम्ही कोवळ्या पोरी होतो. गंगेवर रोज सकाळी आंघोळीला एक धोतरवाला माणूस यायचा. अंगानं वाळकुडा, डोळ्याला जाड चष्मा. आम्ही त्याला आप्पा म्हणायचो. कविता करतो हे कोणाला ठाऊक? एकदा तो माझ्यापुढं आला, वाकला, आणि सरळ जुईच्या ढिगात नाक घातलं की हो! देवाच्या फुलांचा वास घेत नाय, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. वास घेतलेलं फूल उष्टं, ते देवाला चालत नाय. माझी भवानीसुद्धा झाली नव्हती. मी असली चिडले! पाटी ओढून घेतली आणि म्हणले, "उष्टी केली ना सगळी? आता उचला. सगळी उचला. देवाला आता काय तुमचं नाक वाहू?" बिचारा घाबरला. एक अक्षर बोलला नाय. ओल्या उपरण्यात सगळी जुई बांधून घेतली आणि खाली मान घालून गेला.

घरी जाताना पुलावर मी हे भागीला सांगितलं. ती कठड्याला धरून हसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. पुढं मी विसरूनही गेले. चार पोरं, सासू, नवऱ्याचा दमा, यात कोण लक्षात ठेवतंय!

आणि त्या माणसानं त्या प्रकाराची कविता केली. ती पुस्तकात गेली, शाळेत गेली. पोरं ती पाठ करत होती आणि आम्हाला पत्ता नाय. आप्पा मरून कितीतरी वर्षं झाली तरी पत्ता नाय. आम्हाला कुठं वाचता येतं!

मग सत्त्याण्णव साली ती उज्ज्वला मॅडम आली. कॉलेजात मराठी शिकवते. तिनं एक नवीनच काढलं, दर रविवारी सकाळी लोकांना घेऊन गावातून पायी फिरायचं. कोणता लेखक कुठं राहत होता, कोणी कुठं बसून काय लिहिलं, हे दाखवत दाखवत वाचनालयापासून गंगेपर्यंत. शेवटचा मुक्काम आमच्या पायऱ्या, कारण ती कविता इथली. तर सुरू करायच्या आधी मॅडम एकटीच गंगेवर आली, टेपरेकॉर्डर घेऊन, आणि जुन्या बायकांना विचारत फिरली, धोतरवाले आप्पा कोणाला आठवतात का?

त्या दिवशी मी घरी. का? तर सुतक! माझा चुलत सासरा सावळीराम तात्या नेमका त्याच आठवड्यात गेला. नव्वदीचा म्हातारा, खाटेवरून उठत नव्हता, अख्ख्या भावकीनं देवाला सांगून ठेवलेलं की आता ने. तर याला सापडला तोच आठवडा. सुतकात आम्ही देवाच्या फुलांना हात लावत नाय. वावरात फुलं सुकली तरी तोडत नाय, मग विकायचं कुठून? मी घरात गुडघ्यात मान घालून बसलेली, आणि तिकडं गंगेवर मॅडमचा टेप चालू.

सुतक फिटलं. रविवारी मी पाटी घेऊन गेले तर भागीभोवती ही गर्दी! मला वाटलं बाईला चक्कर आली का काय. वाट काढत पुढं गेले. भागी पाटीवर हात ठेवून सांगत होती, "मी म्हणलं, आता देवाला काय तुमचं नाक वाहू?" आणि माणसं खो खो हसत होती. मॅडमनं लगेच ती कविता म्हणली. टाळ्या वाजल्या. एका बाईनं तर वाकून भागीच्या पायाला हात लावला.

माझं बोलणं, माझा राग, माझी जुई. आणि पाया हिच्या!

गर्दी पांगल्यावर मी तिला धरलं. "भागे, हे काय गं? हे तर माझं हाय."

ती म्हणली, "अगं, तू नव्हतीस. मॅडमनं विचारलं, तर मला तुझी गोष्ट आठवली. मी आधी म्हणले, आमच्यातल्या एकीच्या बाबतीत असं झालं. तर त्यांनी टेपच बंद केला. मग मी म्हणले, मीच ती. तर परत चालू केला."

"मग आता सांग खरं."

"सांगते ना. पुढच्या रविवारी सांगते."

पुढचा रविवार काय उगवला नाय. पेपरात तिचा फोटो आला. वाचनालयात बोलावून शाल दिली, नारळ दिला. दर रविवारी माणसं यायची, नाशिक रोडची, सिडकोची, देवळाली कॅम्पची, कोणी पाहुण्यांना घेऊन. आणि भागी दर रविवारी सांगायची. मी हातभर अंतरावर बसून ऐकायची. बरं, जसं झालं तसं तरी सांगावं! दर खेपेला काहीतरी वाढवायची. आधी म्हणली, बारीक पाऊस होता. मग कपालेश्वराची घंटा वाजायला लागली. मग तिच्या अंगावर हिरवंगार लुगडं आलं. माझ्या अंगावर त्या दिवशी सासूचं विरलेलं लुगडं होतं, दोन ठिकाणी दंड घालून शिवलेलं! पुढं तर त्या मुक्या आप्पाला तिनं बोलतं केलं. "पोरी, तुझं नाव काय?" असं त्यानं विचारलं म्हणे, आणि ही म्हणली, "देवाला ठाऊक हाय, तुम्हाला कशाला?" हे ऐकून लोक नुसते वाहवा वाहवा. माझ्या अंगाची लाही व्हायची.

सूनबाई छाया माझी समजूत घालायची. "असू द्या ना आत्या. त्यांना पोर ना बाळ. तुमचं गोकुळ हाय. त्यांना दुसरं काय हाय?"

मी म्हणले, "पोर नाय तर दत्तक घ्यावं. माझी गोष्ट कशाला घ्यावी?"

छाया तोंड फिरवून हसली. मला काही हसू आलं नाय.

शेवटी मी ठरवलं, मॅडमला गाठायचं. पण गंगेवर गाठून उपयोग नव्हता, तिथं भागी. म्हणून एका रविवारी छायाला पाटीवर बसवलं आणि मी भल्या सकाळी वाचनालयाच्या दाराशी जाऊन उभी राहिले. मॅडमला वाटलं मी फुलं विकायला आले. मी म्हणले, मी पण चालणार हाय. ती म्हणली, "या की मावशी, छानच!"

मग निघालो. पुढं मॅडम, मागं सगळं लटांबर, आणि त्यात नऊवारीतली मी एकटी. बाई गं, काय सांगू! ज्या गल्ल्यांतून मी आयुष्यभर डोक्यावर पाटी घेऊन गेले, त्याच गल्ल्या, पण मॅडम सांगायला लागली की परक्या वाटायच्या. झेरॉक्सचं दुकान दाखवलं, तिथं म्हणे पूर्वी छापखाना होता आणि आप्पाचं पहिलं पुस्तक तिथं छापलं. भांड्यांच्या दुकानावरची एक माडी दाखवली, तिथं एक नाटकवाला राहायचा. खाली तांबट दिवसभर ठोकायचे आणि हा वर बसून त्या ठोक्यात लिहायचा. अहो, त्या माडीवर दर गुरुवारी हार मीच टाकत होते! एक टक्कल पडलेला माणूस दार उघडायचा आणि हार उलटासुलटा करून बघायचा. तो नाटकवाला होता हे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर निदान नीट बघितला तरी असता. पुढं एक टेलिफोनचं दुकान, तिथं म्हणे चहाचं हॉटेल होतं आणि सगळे लिहिणारे तिथं बसून भांडायचे.

मला ते चालणं आवडलं. आता खोटं कशाला बोलू? पाय दुखत होते पण आवडलं. आणि आवडलं म्हणून जास्तच जळले. एवढ्या मोठ्या मोठ्या माणसांच्या जागा बघत बघत लोक यायचे, आणि सगळ्यात शेवटी, देवळात गाभारा असावा तशी, भागी! ती जागा माझी होती. त्या गर्दीत चालताना मला पहिल्यांदा नीट कळलं की माझं काय गेलं.

सराफबाजारातून खाली उतरताना मी मॅडमच्या बरोबरीला आले. म्हणले, "मॅडम, एक सांगायचं हाय. त्या कवितेतली पोर मी हाय. भागी नाय. वासाचं ते माझ्याबरोबर झालं."

मॅडम थांबली. माझ्या खांद्यावर हात ठेवला. लय मायेनं म्हणली, "मावशी, तुम्हाला सांगू का, तुमच्याआधी तिघी जणी येऊन हेच सांगून गेल्या. तुमच्यातली कोणीही फुलवाली हेच बोलली असती ना? देवाच्या फुलांचा वास घेऊ नका, हे तर तुम्ही सगळ्याच म्हणता. म्हणून तर ती कविता मोठी आहे. ती तुमची सगळ्यांचीच आहे."

सगळ्यांची! मग शाल एकीलाच का? तिघी कोण होत्या ते मला ठाऊक होतं. त्यातली लताबाई तर त्या वेळी जन्मलीपण नव्हती, मेली! पण मॅडमला मी आणि लताबाई एकाच माळेतल्या. त्यानंतर मी गप बसले. भागीशी धड बोलायचंही सोडलं. शेजारी बसायची, सोपट तिला देत नव्हते आणि तिच्याकडून घेत नव्हते. ती बोलायची, मी हूं म्हणायची.

सिंहस्थ होऊन गेला त्याच्या पुढच्या वर्षी भागीचा गेणू गेला. पाण्याचा पाट धरायला गेला आणि बांधावरच बसल्या बसल्या गेला. आमच्यातली रीत, सुतकाच्या घरी चूल पेटत नाय, शेजारणींनी भाकरी न्यायची. मी पिठलं-भाकरी घेऊन गेले. भागी भिंतीला टेकून बसली होती. मोकळं कपाळ, केस मोकळे. मला बघून म्हणली, "चतुरे, आता रविवारी कोण सांगेल गं?"

नवरा जाऊन तिसरा दिवस, आणि हिला काय सुचावं! मला राग आला, आणि दुसऱ्या बाजूनं, देवाशपथ सांगते, पोटात गुदगुल्या झाल्या. कारण तिच्या सुतकात ती फुलांना हात लावणार नव्हती. गंगेवर येणार नव्हती. जसं मला तात्यानं बसवलं, तसं हिला गेणूनं बसवलं. असा विचार करू नये. पण मी केला.

रविवारी मी चांगलं लुगडं नेसले. छायाकडून अंबाडा घालून घेतला. माणसं आली. मॅडमनं सांगितलं की भागुबाईंच्या घरी दुःख झालंय, आज त्या नाहीत. सगळे हळहळले. मी म्हणले, "मी सांगते. माझ्याच बाबतीत झालेलं हाय."

मॅडम म्हणली, "सांगा ना मावशी."

मी सुरू केलं. आणि काय झालं कोणास ठाऊक. मी म्हणले, "त्या दिवशी बारीक पाऊस होता." मग लक्षात आलं, पाऊस कुठं होता? थांबले. परत सुरू केलं, "आप्पा आले, माझ्या अंगावर हिरवं..." परत थांबले. इतकी वर्षं कानावर पडून पडून भागीचंच माझ्या तोंडी येत होतं. तिचं ते वगळत वगळत माझं खरं शोधायला गेले तर हाती लागलं एवढंच, की एका माणसानं वास घेतला आणि मी चिडले. नाकाचं वाक्य बोलले तर कोणी हसलं नाय. ते त्यांनी भागीच्या तोंडून ऐकलेलं होतं ना, आणि माझ्या तोंडून ते नुसतं भांडणासारखं ऐकू आलं.

एक पोरगी, चांगल्या घरची, हसून म्हणली, "आजी, तुम्ही तर भागुबाईंची गोष्ट पाठच केलीत!"

आणि एका म्हाताऱ्यानं मॅडमला विचारलं, "त्या पुढच्या रविवारी असतील ना? माझी मुलगी येतेय, तिला ऐकवायचं होतं."

तेरावं झालं त्याच दिवशी मी भागीच्या घरी गेले. पाहुणे पांगले होते. मी बसलेसुद्धा नाय. उभ्या उभ्या म्हणले, "भागे, मला माझी गोष्ट परत पाहिजे. तू सांगितल्याशिवाय मला कोणी खरं मानणार नाय. तुझ्या तोंडानं सांग. सगळ्यांपुढं सांग."

मला वाटलं रडेल, भांडेल, काहीतरी कारण काढेल. तिनं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणली, "हां. सांगते. माझ्यानं आता खोटं ओढवत नाय चतुरे."

आणि सांगितलं हो! त्या रविवारी, गच्च गर्दीत. मॅडम कविता म्हणायला लागली तशी भागीनं हात वर केला. उभी राहिली. म्हणली, "थांबा. ही गोष्ट माझी नाय. ही शेजारी बसलीय ना, चतुरा, ही तिची. चिडली ती होती. पाटी तिनं ओढली. मी तिच्याकडून ऐकलं आणि माझी म्हणून सांगत राहिले. तुम्ही मला शाल दिली, ती हिची हाय." आणि खरंच, पिशवीतून ती शाल काढली आणि माझ्या खांद्यावर घातली.

मी मान वर केली. म्हणलं, आता बघतील. आता माझ्याकडं बघतील.

मॅडमचे डोळे भरून आले. ती पुढं आली आणि तिनं भागीचे हात हातात घेतले. भागीचे! लोकांकडं वळून म्हणली, "बघितलंत? एवढं दुःख झालंय, नवरा जाऊन पंधरा दिवससुद्धा झाले नाहीत, आणि या बाईला काळजी कोणाची? मैत्रिणीला इतकी वर्षं वाईट वाटत होतं म्हणून स्वतःची कविता देऊन टाकली हो हिनं!"

टाळ्या! अशा टाळ्या त्या पायऱ्यांवर कधी वाजल्या नव्हत्या. बायका पदरानं डोळे पुसत होत्या. म्हातारा लेकीला म्हणत होता, "ऐकलंस ना? केवढं मन आहे!" भागी ओरडून सांगत होती, "अहो खरंच सांगतेय, तिचीच हाय!" जितकं ओरडली तितकी माणसं जास्त गहिवरली. त्या आठवड्यात पेपरात परत तिचा फोटो. छायानं वाचून दाखवलं, मथळा होता "फुलवालीचं मोठं मन". फोटोत कडेला माझा अर्धा खांदा आलाय, शालीसकट.

आता दर रविवारी मॅडम दोन गोष्टी सांगते. आधी कवितेची, मग भागीच्या मोठ्या मनाची. दुसरी सांगताना माझ्याकडं बोट करते, "आणि या त्या मैत्रीण." सगळे माझ्याकडं बघतात, दवाखान्यात खाटेवरच्या माणसाकडं बघतात तसं. एक जण तर मला हळूच म्हणला, "भाग्य लागतं आजी, अशी मैत्रीण मिळायला."

परवा गर्दी गेल्यावर भागीनं मला विचारलं, "चतुरे, मी सांगितलं ना गं खरं?"

सांगितलं. अक्षरन् अक्षर खरं सांगितलं, वर शालही दिली. आता मी तिच्यावर रागवायचं म्हणलं तर कोणत्या तोंडानं रागवू? एक राग तेवढा माझा स्वतःचा राहिला होता, तोही मेलीनं नेला.